ठासणीच्या बंदुकीची नळी : चांगली कोणती, धोक्याची कोणती?

अलिबाग तालुक्यातल्या एका घरात आजोबांनी माळ्यावरून ठासणीची बंदूक काढून माझ्यापुढे ठेवली. "नातवाच्या लग्नात एक बार काढायचाय. चालंल ना, बाय?" मी जुन्या लोखंडी वस्तूंवर पीएचडी करतेय, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. उत्तर "नाही" असंच होतं. पण का, हे नीट सांगायला हवं.

आधी एक साधी गोष्ट. शेतातला पीव्हीसी पाइप दाबाने फुटतो, तेव्हा बहुतेक वेळा उभा चिरतो. आडवा तुटत नाही. कारण नळीच्या आत दाब वाढला की भिंतीवर गोलाईच्या दिशेने येणारा ताण लांबीच्या दिशेने येणाऱ्या ताणाच्या साधारण दुप्पट असतो. बंदुकीच्या नळीलाही हाच हिशेब लागू.

आता जुनी नळी कशी बनायची ते बघा. लोखंडाचा पत्रा सळईभोवती वाकवून कडा तापवून ठोकल्या, की सांधा उभा येतो. म्हणजे सगळ्यात कमकुवत जागा नेमकी सगळ्यात जास्त ताणाच्या तोंडी! त्याऐवजी पट्टी सळईभोवती नागमोडी नाही, तर स्प्रिंगसारखी गुंडाळून ठोकली, तर सांधा तिरका फिरतो आणि त्याच्यावरचा ताण कमी होतो. भारतातले कसबी लोहार तोड्याच्या बंदुकांसाठी अशा नळ्या करत.

ओतीव तोफांचं दुखणं वेगळं. कुलाबा किल्ल्यात चाकांवरच्या दोन तोफा आहेत ना, त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आहे. ओतकामात सांधा नसतो, पण आत हवेचे बुडबुडे राहू शकतात. म्हणून अठराव्या शतकात तोफ भरीव ओतून मग आतून कोरायची पद्धत रुळली. इंग्लंडात जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये लोखंडी तोफा अशा कोरण्याचं पेटंट घेतलं. कोरताना आतली खोट उघडी पडते, शिवाय भोक सरळ आणि मधोमध येतं. भोक एका बाजूला सरकलं, तर एकीकडची भिंत पातळ, आणि ती तिथेच फाटणार.

मग चांगल्या नळीत काय बघायचं? भिंतीची जाडी सगळीकडून सारखी. आतून उजेड सोडला तर गुळगुळीत, खड्डे किंवा फुगलेलं कडं नाही. मागचं बूच आट्यांत घट्ट. रायफल असेल तर आतले चर टोकापर्यंत स्वच्छ. गोल गोळीसाठी चरांचा पीळ सावकाश लागतो, उदाहरणार्थ ४८ इंचांत एक फेरा.

फुगलेलं कडं कशाने येतं? गोळी दारूवर पूर्ण न ठासता मध्येच अडकली, की मधल्या पोकळीमुळे दाब एका जागी उसळतो. बाहेरून हात फिरवला तरी कधीकधी उंचवटा लागतो.

हे सगळं डोळ्यांनी कळतंच असं नाही. म्हणून बर्मिंगहॅमला १८१३ पासून प्रूफ हाउस आहे. तिथे नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी मुद्दाम उडवतात आणि टिकली तर शिक्का मारतात. पण तो शिक्का त्या दिवसापुरता खरा!

आणि इथेच आपला किनारा आड येतो. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून घेते. खारी हवा, चार महिने पाऊस. राख धुतली नाही तर आतून खड्डे पडतात, आणि प्रत्येक खड्डा म्हणजे कमी झालेली भिंत.

आजोबांच्या नळीत बॅटरी धरली. बुचाजवळ, म्हणजे दाब सर्वांत जास्त तिथेच, लोखंड खवल्याखवल्यांनी सुटलं होतं. त्यांनाही दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "ही तर आतून संपलीच की." परवान्याचा विषय काढायची वेळच आली नाही. लग्नात बँडच वाजला.