पत्र्याच्या शेडचं होऊ शकतं वर्कशॉप!

डाळज असो, भिगवण असो की पळसदेव, पुणे-सोलापूर हायवेच्या दोन्ही बाजूंना नजर टाका. घरटी एक पत्र्याची शेड दिसेलच. आत काय? ठिबकच्या गुंडाळलेल्या नळ्या, खताची रिकामी पोती, फवारणीचा पंप आणि कोपऱ्यात कोंबड्या. आणि त्याच घरातला डिप्लोमा किंवा आयटीआय करणारा मुलगा, इंजिनिअरिंगची मुलगी म्हणते, ‘प्रॅक्टिस करायला जागाच नाही.’

जागा आहे. पण मे महिन्यात दुपारी बारानंतर तिथे दहा मिनिटं बसवत नाही, हा खरा प्रॉब्लेम. तो सोडवता येतो, आणि त्यासाठी एसी लागत नाही.

पत्रा तापतो म्हणजे काय?

भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण 1000 वॅट ऊन पडतं. तुमची शेड 10 बाय 20 फुटांची असेल, तर छपरावर अठरा किलोवॅट झाले. म्हणजे 1500 वॅटच्या बारा शेगड्या डोक्यावर पेटवल्यासारखं! पत्रा पातळ आणि लोखंडाचा, त्यामुळे उष्णता अडतच नाही. तापलेला पत्रा थेट तुमच्या डोक्यावर उष्णता फेकतो. म्हणून खाली पंखा लावला तरी गरम हवाच फिरते.

आधी स्वस्तातलं करा

पहिलं काम छपराच्या वर. पांढरा चुना किंवा छपरासाठी मिळणारा पांढरा रंग लावा. निम्म्याहून जास्त ऊन तिथूनच परत जातं. आपल्याकडचे पोल्ट्रीवाले उन्हाळ्यात हेच करतात. चुना पावसात धुऊन जातो, दरवर्षी लावावा लागतो. वर चढाल तेव्हा पाय खालच्या अँगलच्या रेषेवरच ठेवा. सिमेंटचा पत्रा असेल तर फळी टाकल्याशिवाय चढूच नका.

दुसरं काम हवेचं. गरम हवा वर जाते, तिला बाहेर पडायला वाट द्या. आढ्याजवळ झरोका किंवा वाऱ्यावर फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर, आणि खाली जमिनीलगत जाळीची खिडकी. खालून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर.

मग इन्सुलेशन

आता छताच्या आतून थर. दोन इंच जाड थर्माकोल उष्णता अडवण्यात जवळपास तीन फूट जाडीच्या विटांच्या भिंतीइतका पडतो. पण तो पत्र्याला चिकटवू नका. मध्ये दोन-तीन इंचांची पोकळी ठेवा आणि तिची दोन्ही टोकं उघडी ठेवा. चकचकीत फॉइलची शीट लावली, तरी तिच्यासमोर हवेची पोकळी हवीच. त्याशिवाय फॉइलचा उपयोग नाही. भिंतींत पश्चिमेची भिंत आधी घ्या. संध्याकाळचं ऊन तिलाच भाजतं.

याचा फायदा हिवाळ्यातही आहे. उजनीच्या पाण्याजवळच्या गावांत पहाटे हवा दमट असते. गार पत्र्याला आतून दव सुटतं, थेंब खाली पडतात आणि पक्कड, ड्रिलचे बिट गंजतात. थराचे सांधे टेपने नीट बंद केले, तर दमट हवा पत्र्यापर्यंत फारशी पोचत नाही.

पाचट फुकट मिळतं, ते टाकू का? गुरांच्या गोठ्यावर ठीक. वर्कशॉपवर नको. उंदीर येतात, उंदरामागे साप येतो, आणि ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. थर्माकोलही पेटतो आणि काळा, विषारी धूर सोडतो. वेल्डिंग करणार असाल तर न पेटणारं रॉकवूल घ्या आणि त्यावर सिमेंट बोर्ड ठोका. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तो कापू नका, त्याला भोक पाडू नका. ती धूळ फुफ्फुसात गेली की परत निघत नाही.

विजेशी मस्करी नको

पत्र्याच्या शेडमध्ये एक सोललेली वायर म्हणजे अख्खी शेड ‘लाइव्ह’. अर्थिंग आणि आरसीसीबी बसवल्याशिवाय पहिलं मशीन सुरू करू नका. वायरिंग लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या. आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवर वर्कशॉप चालवणं वीज कायदा 2003 च्या कलम 126 नुसार अनधिकृत वापर ठरतं. वेगळं मीटर घ्या.

पाबळला जाऊन या

आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचं, हा तिथला पाया. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने 2002 मध्ये तिथे फॅब लॅब उभी राहिली, तीही एका खेड्यात.

तुमच्या शेडला लगेच लेझर कटर नको. एक भक्कम टेबल, व्हाइस, ड्रिल, सोल्डरिंग गन आणि मल्टिमीटर एवढ्यावर सुरुवात होते. गावात जळालेल्या मोटारी, बंद पडलेले स्टार्टर, फवारणी पंप यांना तोटा नाही. आज त्या रिवाइंडिंगला भिगवण, इंदापूर, बारामतीला जातात. उद्या तुमच्या शेडमध्ये का येऊ नयेत? शिकायलाही मिळेल, खर्चही निघेल. पास झाल्यावर चाकणला खोली घेऊन राहायचं की इथेच काही उभं करायचं, हे ठरवताना निदान दुसरा पर्याय हातात असेल.

सुट्टी लागली की आधी ती पोती बाहेर काढा. घरच्यांना विचारून, बरं का!