मुक्त आज्ञावलींचे स्थानिकीकरण

ज्यांची मूळ संहिता पाहण्यास, बदलण्यास व वाटण्यास सर्वांना मुभा असते, अशा संगणकीय आज्ञावलींतील (सॉफ्टवेअरमधील) आदेश, सूचना व संदेश स्थानिक भाषांत आणण्याचे कार्य. ते बव्हंशी स्वयंसेवक करतात. व्यापारी आज्ञावलीचे भाषांतर करावयाचे की नाही, हे तिचे स्वामित्व असलेली कंपनी ठरविते. ग्राहक थोडे असल्यास ती भाषा सहसा वगळली जाते. मुक्त आज्ञावलीच्या परवान्यामुळे मात्र हा अधिकार कोणासही मिळतो. अल्पसंख्य भाषिकांच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व यातच आहे.

इतिहास : रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. या प्रकल्पातील ‘गेटटेक्स्ट’ हे साधन १९९५ मध्ये उपलब्ध झाले व भाषांतरास सुटसुटीत पद्धत लाभली. केडीई (१९९६) व ग्नोम (१९९७) या प्रकल्पांनी चित्रमय पडदा मुक्त स्वरूपात आणला, तेव्हा त्यावरील मजकूर भाषांतरित करण्यासाठी निरनिराळ्या देशांत गट निर्माण झाले. युनिकोड या संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली होती. तिचा प्रसार झाल्यावर देवनागरीसारख्या लिप्यांची मोठी अडचण दूर झाली.

कार्यपद्धती : आज्ञावलीतील वाक्ये संहितेपासून वेगळी काढून एका फाइलीत मांडतात. प्रत्येक मूळ वाक्याखाली भाषांतरासाठी जागा असते. त्यामुळे संगणकशास्त्र न जाणणारा शिक्षक वा विद्यार्थीही हे काम करू शकतो. भाषांतर नसलेले वाक्य मूळ भाषेतच दिसते. नवी आवृत्ती निघाली की वाक्ये बदलतात. म्हणून हे काम एकदा करून संपत नाही.

भाषिक प्रश्न : वाक्ये संदर्भाविना समोर येतात. ‘ओपन’ हा आदेश आहे की अवस्था, हे मूळ शब्दावरून कळत नाही. ‘नष्ट झाली’ की ‘नष्ट झाले’, हे मराठीत नामाच्या लिंगावर अवलंबून असते. परंतु त्या ठिकाणी कोणते नाम येईल, हे भाषांतरकारास ठाऊक नसते. वचनांचे नियमही भिन्न आहेत : जपानीस एक रूप पुरते, मराठीस दोन, तर अरबीस सहा लागतात. पारिभाषिक संज्ञांचा प्रश्न अधिक बिकट आहे. एकाच अर्थी कोणी ‘फाइल’, कोणी ‘संचिका’, तर कोणी ‘धारिका’ वापरल्यास वाचक गोंधळतो. आणि संज्ञा दुर्बोध झाल्यास तो इंग्रजीकडेच परततो.

उदाहरणे : दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानाने अकरा भाषांना अधिकृत दर्जा दिला, परंतु झुलू, खोसा, वेंडा इ. भाषांना संगणकावर फारसे स्थान नव्हते. ड्वेन बेली यांनी २००१ मध्ये स्थापन केलेल्या ‘ट्रान्सलेट’ या संस्थेने लेखन, पत्रव्यवहार इत्यादींच्या मुक्त आज्ञावली या भाषांत आणल्या. याच संस्थेने निर्मिलेली भाषांतराची साधने पुढे इतर देशांतील गटांनीही वापरली.

भारतात इंडलिनक्स या गटाने हिंदीसह अनेक भाषांत प्रारंभीचे काम केले. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेने घडविलेले ‘लोहित’ टंक रेड हॅट या कंपनीने मुक्त परवान्याखाली खुले केले. वारंवार येणाऱ्या संज्ञांमध्ये एकवाक्यता आणण्यासाठी २००८ मध्ये ‘फ्युएल’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यात मराठीचाही समावेश झाला.

मर्यादा : कार्यकर्ते थोडे असल्यास एक-दोन व्यक्ती दूर होताच भाषांतर मागे पडते. पडद्यावर मराठी व इंग्रजी वाक्ये मिसळलेली दिसू लागतात व वापरणाऱ्याचा विश्वास उडतो. यांत्रिक भाषांतराने कामाचा वेग वाढला असला, तरी योग्य संज्ञेची निवड व संदर्भाची पारख यांसाठी भाषेच्या जाणकाराचीच गरज भासते. स्वयंसेवकांच्या श्रमास विद्यापीठे, शासन व शाळांतील प्रत्यक्ष वापर यांची जोड मिळाली, तरच असे कार्य टिकून राहते.