विश्लेषण : ‘एक देश, एक वर्गणी’ आली, ‘साय-हब’ बंद झाले… मग संशोधन सर्वांसाठी खुले झाले का?

केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे जानेवारी २०२५ पासून देशातील सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांना सुमारे १३ हजार आंतरराष्ट्रीय नियतकालिके वाचता येऊ लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ‘साय-हब’ हे शोधनिबंध फुकट उपलब्ध करून देणारे संकेतस्थळ भारतात बंद करण्यात आले. विद्यापीठातील संशोधकांची यामुळे फारशी अडचण झाली नाही. मात्र तालुक्याच्या गावातील डॉक्टर, खासगी महाविद्यालयातील विद्यार्थी, एखाद्या प्रकल्पाच्या जनसुनावणीची तयारी करणारे ग्रामस्थ यांच्यासाठी चित्र वेगळे आहे. हा वाद नेमका काय आहे आणि त्याचा पर्यावरणाशी काय संबंध, याविषयी…

शोधनिबंध वाचायला पैसे का लागतात?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा अनुभव येतो. गुगलवर हवा तो निबंध सापडतो, सारांशही दिसतो, पण पुढे जायचे तर ३० ते ४० डॉलर भरा, असे सांगितले जाते. म्हणजे १०-१२ पानांसाठी अडीच ते साडेतीन हजार रुपये.

या व्यवसायाची रचना इतर प्रकाशनांपेक्षा वेगळी आहे. संशोधनाचा खर्च बहुतांश वेळा सरकारी निधीतून, म्हणजे करदात्यांच्या पैशातून होतो. संशोधक निबंध लिहितो, त्याला मानधन मिळत नाही. अन्य संशोधक तो निबंध तपासतात, त्यांनाही साधारणपणे मोबदला नसतो. त्यानंतर निबंधाचे हक्क प्रकाशकाकडे जातात आणि तोच निबंध सरकारी संस्थांची ग्रंथालये वर्गणी भरून विकत घेतात. संपादनाची व्यवस्था, छाननी, संकेतस्थळ आणि दीर्घकालीन जतन यांचा खर्च आम्ही करतो, असे प्रकाशकांचे म्हणणे असते. ते चुकीचे नाही. परंतु नफ्याचे प्रमाणही मोठे आहे. ‘एल्सेव्हियर’ची मालकी असलेल्या ‘रेलएक्स’ समूहाच्या वैज्ञानिक प्रकाशन विभागाचा २०२३ मधील परिचालन नफा उत्पन्नाच्या सुमारे ३८ टक्के होता.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना काय आहे?

पूर्वी देशात वेगवेगळ्या मंत्रालयांच्या अखत्यारीतील दहा ग्रंथालय-गट स्वतंत्रपणे प्रकाशकांशी करार करत. आयआयटीला एक संच मिळे, राज्य विद्यापीठाला दुसरा, तर लहान सरकारी महाविद्यालयाच्या वाट्याला अनेकदा काहीच येत नसे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी या सर्वांऐवजी एकाच राष्ट्रीय वर्गणीला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था आणि सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक अशी योजनेची व्याप्ती आहे. समन्वयाची जबाबदारी गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राकडे आहे.

याचा खरा फायदा मोठ्या संस्थांपेक्षा छोट्या सरकारी महाविद्यालयांना अधिक आहे. ज्या ग्रंथालयांना एकाही परदेशी प्रकाशकाची वर्गणी परवडत नव्हती, तेथील विद्यार्थ्याला आता ‘नेचर’ किंवा ‘लॅन्सेट’ समूहातील नियतकालिके संस्थेच्या लॉगइनवरून वाचता येतात. खुल्या नियतकालिकांत निबंध छापण्यासाठी लागणाऱ्या शुल्काकरिता वर्षाला १५० कोटी रुपयांचे साहाय्यही योजनेत आहे.

योजनेबाहेर कोण राहिले?

पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्था यांचाच समावेश आहे. महाराष्ट्रात अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि व्यवस्थापन या शाखांतील शिक्षण मोठ्या प्रमाणावर खासगी महाविद्यालयांतून होते, हे लक्षात घेतले तर या मर्यादेचा अर्थ कळतो. पुढील टप्प्यांत खासगी संस्था आणि त्यानंतर सार्वजनिक ग्रंथालयांमार्फत सर्वसामान्य नागरिकांना सामावून घेण्याचा विचार मांडण्यात आला आहे. तोवर स्वतंत्र संशोधक, खासगी दवाखाना चालवणारे डॉक्टर, वकील, पत्रकार, शालेय शिक्षक, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते हे सर्व बाहेरच आहेत. शिवाय ही वर्गणी आहे, खरेदी नाही. भारतीय संशोधकाने भारतीय निधीतून लिहिलेला निबंधही या योजनेमुळे जगासाठी खुला होत नाही. तो फक्त वर्गणीदारांनाच वाचता येतो.

‘साय-हब’वर बंदी का आली?

कझाकस्तानातील संगणक प्रोग्रॅमर अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ मध्ये ‘साय-हब’ सुरू केले. प्रकाशकांची ‘पेवॉल’ ओलांडून त्यावर आठ कोटींहून अधिक निबंध जमा करण्यात आले. हे संकेतस्थळ सर्वाधिक वापरणाऱ्या देशांमध्ये भारताचा समावेश होता. ‘एल्सेव्हियर’, ‘वायली’ आणि ‘अमेरिकन केमिकल सोसायटी’ यांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात स्वामित्व हक्कभंगाचा दावा दाखल केला. त्यावेळी या प्रकाशकांचे नवे निबंध संकेतस्थळावर टाकणार नाही, अशी हमी एल्बाक्यान यांच्या वतीने न्यायालयाला देण्यात आली. भारतातील शास्त्रज्ञांच्या गटांनीही बंदीला विरोध करत न्यायालयात धाव घेतली होती.

पुढे ‘साय-नेट’ या नव्या व्यासपीठावरून अलीकडचे निबंध उपलब्ध होत असल्याची तक्रार प्रकाशकांनी केली. दिलेल्या हमीचा भंग झाल्याचा निष्कर्ष काढून न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले. म्हणजेच बंदीला तात्कालिक कारण ठरले ते न्यायालयाला दिलेला शब्द मोडल्याचे. संशोधनासाठी निबंध मोफत वाचणे भारतीय कायद्यात कितपत बसते, या मूळ प्रश्नाचे उत्तर या आदेशातून मिळालेले नाही.

कायदा विद्यार्थी आणि संशोधकांना कितपत सूट देतो?

भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार संशोधनासह खासगी वापरासाठी साहित्याचा ‘उचित वापर’ हा हक्कभंग ठरत नाही. शिक्षणासाठीही सवलत आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्स दुकानाविरोधात ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दाखल केलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये फेटाळला होता. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील प्रकरणांच्या प्रती काढणे या सवलतीत बसू शकते, अशी भूमिका तेव्हा न्यायालयाने घेतली. पुढे प्रकाशकांनी ही लढाई सोडून दिली. पण अभ्यासक्रमापुरत्या निवडक पानांच्या झेरॉक्स काढणे आणि कोट्यवधी निबंध जगभर खुले करणे यांत फरक आहे. म्हणूनच ‘साय-हब’चा वापर भारतात पूर्ण कायदेशीर होता, असे ठामपणे म्हणता येत नाही.

याचा पर्यावरणाशी काय संबंध?

एखादी खाण, बंदर किंवा औष्णिक प्रकल्प येणार असेल, तर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण परिणाम मूल्यांकन अहवाल तयार होतो आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली जनसुनावणी होते. या अहवालातील भूजल, हवा, जैवविविधता यांविषयीच्या विधानांना शोधनिबंधांचा आधार दिलेला असतो. तो आधार बरोबर आहे का, हे तपासायचे तर मूळ निबंध वाचावा लागतो. प्रकल्प कंपनीच्या सल्लागाराकडे वर्गणी असते. हरकत नोंदवणाऱ्या गावकऱ्याकडे नसते. सुनावणीत दोन्ही बाजूंना बोलण्याचा अधिकार समान असला, तरी वाचण्याची संधी समान नसते.

यात जीवितहानीचाही प्रश्न आहे. इबोलाच्या साथीने लायबेरियात हाहाकार उडाल्यानंतर तेथील आरोग्य खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी २०१५ मध्ये एक बाब उघड केली. लायबेरियात इबोलाचा विषाणू असू शकतो, हे १९८२ मध्येच एका युरोपीय नियतकालिकात छापून आले होते. तो इशारा देशातील डॉक्टरांपर्यंत पोहोचलाच नाही. असा एक निबंध डाउनलोड करण्याचा खर्च ४५ डॉलर, म्हणजे तेथील डॉक्टरच्या अर्ध्या आठवड्याच्या पगाराइतका होता.

उलट उदाहरणही आपल्याकडे आहे. माळीण (२०१४), तळीये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) या दुर्घटनांनंतर सह्याद्रीतील दरडींचा धोका नेमका कुठे आहे, हा प्रश्न पुन:पुन्हा विचारला गेला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने देशातील चार लाख चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्राचे दरडप्रवणतेचे नकाशे तयार केले असून, ते ‘भूकोश’ या पोर्टलवर पाहता येतात. आपले गाव कोणत्या पट्ट्यात येते, हे ग्रामपंचायत सदस्यही पाहू शकतो. फक्त ते कसे वाचायचे, हे त्याला मराठीत कोणीतरी सांगायला हवे.

गाडगीळ अहवालातून काय धडा मिळतो?

ज्ञान रोखणारी भिंत केवळ प्रकाशकांचीच नसते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला अहवाल सादर केला. मंत्रालयाने तो जाहीर केला नाही. माहिती अधिकारात मागणी झाली, तीही नाकारण्यात आली. एप्रिल २०१२ मध्ये तत्कालीन केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी अहवाल खुला करण्याचा आदेश दिला. मंत्रालय त्याविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तेथे याचिका फेटाळली गेल्यावर मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला. ज्या गावांच्या जमिनीविषयी शिफारशी होत्या, त्या गावांना अहवाल जवळपास नऊ महिने वाचता आला नाही. तोवर अफवा मात्र पोहोचल्या होत्या. अहवालाविषयीचे गैरसमज दूर करणे नंतर अवघड गेले, त्यामागे हेही एक कारण होते.

भाषेची भिंत आणखी वेगळी. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २०२० मधील नव्या मसुद्यावर देशभरातून हरकती मागवण्यात आल्या, पण मसुदा होता फक्त इंग्रजी आणि हिंदीत. तो आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत उपलब्ध करावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी दिला. मंत्रालयाने त्यालाही सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. पश्चिम घाटातील पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राची सहावी प्रारूप अधिसूचना जुलै २०२४ मध्ये निघाली. त्यात महाराष्ट्रातील १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. यावर मत मांडायचे तर आधी ते नीट समजले पाहिजे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

अन्य देशांनी काय केले?

२००२ मधील बुडापेस्ट जाहीरनाम्यापासून ‘ओपन अ‍ॅक्सेस’ची, म्हणजे निबंध सर्वांना मोफत वाचता यावेत यासाठीची चळवळ जोर धरू लागली. युरोपातील निधीपुरवठादार संस्थांनी २०१८ मध्ये ‘प्लॅन एस’ जाहीर करून आपल्या निधीतील संशोधन खुले करणे बंधनकारक केले. अमेरिकेच्या ‘एनआयएच’ने १ जुलै २०२५ पासून आपल्या निधीतील निबंध प्रसिद्ध होताच मोफत उपलब्ध करण्याचा नियम लागू केला.

मात्र याचीही एक किंमत आहे. काही नियतकालिकांनी वाचकाऐवजी लेखकाकडून पैसे घेण्यास सुरुवात केली. ‘नेचर’ने २०२१ मध्ये हा पर्याय आणला तेव्हा एका निबंधाचे शुल्क ९,५०० युरो होते. भारतातील राज्य विद्यापीठातील प्राध्यापकाला ते झेपणारे नाही. तिसरा मार्ग वाचक आणि लेखक दोघांकडूनही पैसे न घेण्याचा. बेंगळूरुहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’चे अंक कोणालाही मोफत वाचता येतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८६ पासूनच्या नियतकालिकाचे जुने खंड ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’वर खुले आहेत. आपल्या भागातील पक्षी-वनस्पतींच्या जुन्या नोंदी शोधणाऱ्यांसाठी हा खजिनाच आहे.

वर्गणी नसलेल्यांनी निबंध कसा मिळवावा?

कायदेशीर मार्ग बरेच आहेत. ‘गुगल स्कॉलर’वर निबंधाखाली ‘ऑल व्हर्जन्स’वर क्लिक केल्यास अनेकदा लेखकाने स्वत: ठेवलेली प्रत सापडते. ‘अनपेवॉल’ हे ब्राउझरला जोडण्याचे साधन मोफत प्रत असल्यास ती दाखवते. भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्रासाठी ‘अर्काइव्ह’, वैद्यकासाठी ‘पबमेड सेंट्रल’ आणि भारतीय पीएच.डी. प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ ही भांडारे खुली आहेत. सर्वात सोपा उपाय म्हणजे निबंधावर दिलेल्या ईमेलवर थेट लेखकाला विचारणे. बहुतेक संशोधक आनंदाने प्रत पाठवतात, कारण आपले काम वाचले जावे असे त्यांनाही वाटते.

पुढे काय?

जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांनी २०१४ मध्येच आपल्या निधीतील निबंध खुल्या भांडारात जमा करण्याचे धोरण जाहीर केले होते. त्याची अंमलबजावणी काटेकोरपणे झाली असती, तर भारतीय संशोधनाचा मोठा भाग आज वर्गणीशिवाय वाचता आला असता. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी केलेली तरतूद डिसेंबर २०२७ पर्यंतची आहे. नवे करार होतील तेव्हा त्यांत खासगी महाविद्यालये आणि सार्वजनिक ग्रंथालये येतात का, भारतीय लेखकांचे निबंध सर्वांसाठी खुले करण्याची अट घातली जाते का आणि २०१४ च्या धोरणाची अंमलबजावणी होते का, या तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावे लागेल. वर्षाला सरासरी दोन हजार कोटी रुपये करदात्यांच्या खिशातून जात असताना जनसुनावणीला निघालेल्या ग्रामस्थाला निबंधाचा केवळ सारांशच दिसणार असेल, तर या योजनेचे काम अर्धेच झाले असे म्हणावे लागेल.