पट्टा नाही, पावती आहे

'कागदच नाही, तर काढायला कितीसा वेळ?' असे जो घरमालक म्हणतो आणि 'कागदच नाही, तर काढणार कसा?' असे म्हणून जो भाडेकरू भाडे थकवितो, ते दोघेही एकाच भ्रमात वावरत असतात.

गिरगावातल्या एखाद्या चाळीत दोन-दोन पिढ्या नांदलेल्या कुटुंबाकडे भाडेपट्टा विचारला, तर पत्र्याच्या डब्यातून सुतळीने बांधलेला, कडा तांबूस पडलेल्या भाडेपावत्यांचा गठ्ठा तेवढा निघतो. परंतु पट्ट्याची मुदत सरल्यावरही मालकाने बिनतक्रार भाडे स्वीकारले असेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमान्वये राहत्या घराची भाडेदारी सामान्यतः महिन्या-महिन्याने पुढे चालू राहते, आणि तिचा पुरावा म्हणून तो गठ्ठाच उपयोगी पडतो.

३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने थकबाकीदारासही बराच अवसर दिला आहे. मालकाने प्रथम लेखी नोटीस बजावावी, तीवर ९० दिवस लोटावेत, तोवर भाडे न आल्यास मग दावा दाखल करावा. आणि दाव्याचे समन्स मिळाल्यापासून आणखी ९० दिवसांत भाडेकरूने सारी बाकी द.सा.द.शे. १५ सरळ व्याजासह न्यायालयात भरली, पुढील भाडेही निकालापर्यंत नियमाने भरीत राहिला व न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याच्याविरुद्ध हुकूमनामा होत नाही. मात्र ही मुदत आळसात दवडणाऱ्याची गय होत नाही. (लिव्ह अँड लायसन्सचा मार्ग निराळा, तेथे मुदत संपताच मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते.)

करार मुद्दाम न लिहिण्यात ज्यांना चातुर्य वाटते, त्या मालकांनी याच अधिनियमाचे ५५ वे कलम एकदा वाचावे. करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी तेथे मालकावर आहे. आणि तसा लेख नसल्यास भाडेदारीच्या अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आधी भाडे घ्यायचे नाकारावे व मग थकले म्हणून दावा लावावा, ही युक्तीही जुनीच. तिला उत्तर म्हणून जाणते भाडेकरू मनीऑर्डर करतात आणि 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलेली ती पावती त्याच डब्यात जपून ठेवतात.

हुकूमनामा झाला तरी कुलूप तोडण्याचा अधिकार मालकाच्या हाती येत नाही. अपिलाचा निकाल लागल्यावरही खोलीचा ताबा मिळतो तो न्यायालयाच्या बेलिफाकरवीच.