खेळाचा तास आणि मुलांचे रक्त

इयत्ता सहावी ते आठवीच्या वेळापत्रकात 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' हा विषय एकाच नावाने लिहिला जातो. प्रत्यक्षात मात्र त्याचे दोन तुकडे झालेले आढळतात. आरोग्याचे धडे वर्गात पाठ करून घेतले जातात आणि शारीरिक शिक्षण म्हणजे मैदानावरील कवायत व खेळ, अशी समजूत रूढ आहे. परीक्षा जवळ आली की हा दुसरा तुकडा गणिताच्या वाट्याला जातो, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. वास्तविक २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने हे दोन्ही भाग मिळून एकच विषय मानला आहे, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या इयत्तांत १०० हून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळेत त्यासाठी अंशकालीन निदेशक असावयास हवा. हे दोन भाग एकमेकांपासून तोडल्यास काय नुकसान होते, ते रक्तक्षयाच्या उदाहरणावरून चांगले कळते. गावात या विकाराला 'अंगात रक्त कमी असणे' असे म्हणतात.

खो-खोचा डाव चालू आहे असे समजावे. आठ मुली आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसल्या आहेत, नववी पाठलाग करीत आहे. त्यांतील एखादी मुलगी दोन वेळा धावते आणि तिसऱ्या खेपेस 'खो' मिळताच उठावयास उशीर करते. तिला धाप लागते, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. शिक्षक तिला आळशी समजतात, मैत्रिणी तिला संघात घेईनाशा होतात, आणि घरी आई म्हणते, 'खाल्लेले हिच्या अंगीच लागत नाही.' तिघांचेही निरीक्षण बरोबर असते. चुकतो तो त्यांनी काढलेला अर्थ. रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते व ते फुप्फुसातील प्राणवायू स्नायूंपर्यंत पोहोचविते. हे द्रव्य तयार होण्यास लोह लागते. लोह अपुरे पडले की स्नायूंना प्राणवायू कमी मिळतो, आणि ती तूट भरून काढण्यासाठी हृदयाला अधिक वेगाने काम करावे लागते. बाकावर बसलेल्या मुलीत ही उणीव सहसा दिसून येत नाही. धावताना मात्र ती उघड होते. म्हणून वर्गशिक्षकाच्या आधी खेळ घेणाऱ्या शिक्षकाला या विकाराची चाहूल लागते.

१०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिनचे प्रमाण ५ ते ११ वर्षांच्या मुलांत ११.५ ग्रॅमपेक्षा आणि १२ ते १४ वर्षांच्या मुलांत १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के, तर त्याच वयाच्या मुलांपैकी ३१.१ टक्के रक्तक्षयी आढळले. हा केवळ मुलींचा आजार आहे, असे म्हणून मुलग्यांकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

या वयातच तूट पडण्याची कारणे उघड आहेत. उंची व वजन झपाट्याने वाढत असते, मुलींची पाळी सुरू झालेली असते, आणि आहारात भात किंवा भाकरी भरपूर असली तरी पालेभाजी, कडधान्य, मासे यांचे प्रमाण बेताचे असते. जेवणाबरोबर वा जेवल्या जेवल्या घेतलेला चहा धान्यातील व भाजीतील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा करतो. उलट लिंबू, आवळा किंवा पेरू त्यास मदत करतात. घराघरांतील लोखंडी कढई माळ्यावर गेली व तिच्या जागी ॲल्युमिनियमची भांडी आली, हीही लहान गोष्ट नव्हे. लोखंडी कढईत शिजविलेल्या आंबट कालवणात लोहाचा अंश उतरतो.

आणखी एक कारण मात्र थेट मैदानाच्या मातीत असते. उघड्यावर शौच केल्याने अंकुशकृमीची अंडी जमिनीत पडतात. उष्ण, ओलसर व सावलीच्या जागी, विशेषतः भुसभुशीत किंवा वाळूमिश्रित मातीत, त्यांतून अळ्या निघतात व अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. तेथून रक्तावाटे फुप्फुसात आणि पुढे घशावाटे आतड्यात पोहोचून हे कृमी आतड्याच्या आवरणाला चिकटतात व रक्त शोषतात. गोव्यासारख्या दमट प्रदेशात या गोष्टीकडे विशेष लक्ष पुरविले पाहिजे. मैदानाची कड कोणी शौचास वापरत असेल, तर कितीही सकस आहार दिला तरी गळक्या घागरीत पाणी भरण्यासारखे होते. हे काम एकट्या शाळेचे नव्हे. ग्रामपंचायतीने त्यात लक्ष घालावयास हवे. शाळेतील मुलांना फेब्रुवारी व ऑगस्टमध्ये राष्ट्रीय जंतनाशक दिनी ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. हा उपक्रम २०१५ पासून सुरू आहे. ही गोळी चावून खावयाची असते.

लोहाची निळी गोळी वेगळी. 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमानुसार १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना ती आठवड्यातून एकदा द्यावयाची असून तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ही गोळी घेतल्याने काहींना मळमळते व शौच काळसर होते. त्यातून गावात अफवा उठतात आणि पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग गोळी घेण्यास नकार देतो. काळा रंग केवळ न शोषलेल्या लोहाचा असतो, हे पालकसभेत आधीच सांगून ठेवावे. मध्यान्ह भोजनानंतर, भरल्या पोटी, शिक्षकांच्या समक्ष पाण्याबरोबर गोळी गिळविल्यास मळमळीच्या तक्रारी पुष्कळच कमी होतात. गोळ्या हातावर ठेवून नोंदवहीत खूण केल्याने काम झाले असे समजणाऱ्या शाळांच्या खिडक्यांखाली त्याच गोळ्या सापडतात.

ही साप्ताहिक गोळी प्रतिबंधासाठी आहे. फिकट पापणी, नखे किंवा जीभ पाहून संशय घेता येतो, निदान करता येत नाही. त्यासाठी रक्त तपासलेच पाहिजे. दरवर्षी शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला खेळाच्या तासाची निरीक्षणे दाखविणे उपयुक्त ठरेल.

दाहोद, छोटा उदेपूर, झाबुआ, धार या आदिवासी वस्तीच्या जिल्ह्यांत एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. तेथील रक्तक्षय सिकलसेल या आनुवंशिक विकाराचाही असू शकतो. अशा मुलाला अतिश्रमाने, थंडीने किंवा पाणी कमी पडल्याने सांध्यांत व हाडांत तीव्र वेदना उठतात. 'ढोंग करतो' म्हणून त्याला मैदानाला जादा फेऱ्या मारावयास लावणे त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याला वरचेवर पाणी द्यावे, दमल्यास लगेच थांबू द्यावे. लोहाची गोळी द्यावी किंवा नाही हे डॉक्टरांनी ठरवावयाचे आहे.

लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झालेल्या मुलीला उपचार चालू असताना खेळातून पूर्णपणे बाजूला बसविण्याचे सहसा कारण नाही. डॉक्टरांचा सल्ला घेऊन प्रथम गुणलेखन, मग संथ चालणे, पुढे लंगडीचा छोटा डाव, अशा क्रमाने तिला संघात आणता येते. उपचाराची गोळी रोज घ्यावयाची असते. काही आठवड्यांत उत्साह वाढलेला दिसताच घरचे लोक ती बंद करतात. परंतु शरीरातील लोहाचा साठा भरून येण्यास त्यानंतरही अवधी लागतो. त्यामुळे पुन्हा रक्त तपासून डॉक्टर सांगतील तोपर्यंत गोळी चालू ठेवावी.