साथ ओसरते, धास्ती रेंगाळते

वसई-विरारहून मुंबईचा विमानतळ फार दूर नाही. पण विमानात पाऊल ठेवायचे तर आधी लोकलची गर्दी किंवा महामार्गावरची टॅक्सी ठरलेली. म्हणूनच करोनाच्या काळात ‘विमानाने जावे का?’ हा हिशेब येथल्या माणसाने घराच्या उंबरठ्यापासूनच मांडला.

२५ मार्च २०२० रोजी देशांतर्गत विमाने थांबली आणि दोन महिन्यांनी, २५ मे रोजी, पुन्हा उडू लागली. सुरुवातीला नेहमीच्या एक तृतीयांश उड्डाणांनाच परवानगी होती; तरी त्यांतल्याही बऱ्याच जागा रिकाम्या राहिल्या. जून २०१९ मध्ये देशात सुमारे १ कोटी २० लाख प्रवासी उडाले होते, जून २०२० मध्ये जेमतेम २० लाख.

यात बंदीचा वाटा किती आणि धास्तीचा किती? याचे उत्तर पुढच्या वर्षी मिळाले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत देशांतर्गत विमाने सरसकट बंद झाली नव्हती. राज्याराज्यांचे निर्बंध आणि चाचणीच्या अटी होत्या, एवढेच. तरीही मार्चमधले ७८ लाख प्रवासी एप्रिलमध्ये ५७ लाखांवर आणि मे महिन्यात २१ लाखांवर आले. दार उघडे होते, पण माणसे बाहेर पडली नाहीत.

ही धास्ती केवळ विमानातल्या हवेची नव्हती. ती हवा दर काही मिनिटांनी बदलते, गाळलीही जाते. खरी काळजी होती रांगेची, वाटेतल्या प्रवासाची, परगावी अडकून पडण्याची आणि घरच्या वडीलधाऱ्यांपर्यंत आजार नेण्याची. त्यातून सर्वसामान्यांसाठी लोकल १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत बंदच होती. नंतरही ठरावीक वेळीच मिळे. टॅक्सीचे भाडे धरले की तिकीट आणखी महाग पडे.

सगळे प्रवास मात्र सारखे नसतात. सहल रद्द होते, कचेरीची बैठक संगणकावर होते. आखाती देशांत नोकरीला असलेल्या मुलाचे घरी येणे रद्द होत नाही, ते फक्त लांबते. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे मार्च २०२० मध्ये थांबली, ती २७ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. मधल्या काळात मोजकीच विशेष विमाने होती. अनेक घरांत अंत्यदर्शनही मोबाईलच्या पडद्यावर घ्यावे लागले.

भीतीचे माप आजाराच्या मापाशी जुळतेच असे नाही. आपल्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावरच्या सुरतेत १९९४ साली प्लेगची साथ आली. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले. पण कित्येक देशांनी भारताची विमानसेवा तोडली, पर्यटकांनी बेत रद्द केले. आजार अनोळखी असला, माहिती अपुरी असली की भीती वाढते.

मागणी अखेर परतली. २०१९ मध्ये देशांतर्गत प्रवासी १४ कोटी ४१ लाख होते, २०२३ मध्ये १५ कोटी २० लाख झाले. पण विमानतळाच्या भाड्यावर जगणाऱ्या टॅक्सीचालकाचे बुडालेले हप्ते या आकड्यांनी भरून येत नाहीत.

लोकांच्या सावधगिरीला नावे ठेवून विमाने भरत नाहीत. नियम स्पष्ट असावेत, रोज बदलू नयेत आणि बेत फसला तर पैसे परत मिळावेत. टाळेबंदीतल्या रद्द तिकिटांच्या परताव्यासाठी १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. तो भरवसा आधीच मिळाला असता, तर कित्येकांनी तिकीट काढण्याचे धाडस लवकर केले असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)