पावलातली नाडी

सेमाडोहकडून घटांगच्या वाटेला लागलं की चढ सुरू होतो. पायातला रक्तपुरवठा कमी पडत असेल तर तो अशा चढावर लवकर कळतो. माणूस मध्येच थांबतो, पोटरी धरतो, जरा वेळाने पुन्हा चालू लागतो. घरी याला ‘वात’ म्हणतात, तेल चोळतात आणि महिने निघून जातात.

चालताना पोटरीच्या स्नायूंना बसल्यापेक्षा कितीतरी जास्त रक्त लागतं. धमनी आतून अरुंद झाली असली तरी बसल्याजागी काही जाणवत नाही. ठरावीक अंतर चाललं की मात्र पोटरी आवळते, नुसतं उभं राहिलं तरी काही मिनिटांत सुटते आणि तेवढंच अंतर गेलं की पुन्हा धरते. मणक्यामुळे दुखत असेल तर नुसतं उभं राहून सहसा भागत नाही, बसावं किंवा वाकावं लागतं. म्हणून ‘दुखतं कुठे?’ एवढं विचारून थांबू नये. ‘किती चालल्यावर दुखतं आणि थांबतं कशाने?’ हे विचारावं.

मग दोन्ही पावलं उघडी करून शेजारी शेजारी ठेवा. हाताच्या पाठीने गारवा ताडून पाहा. त्वचा चकचकीत झाली आहे का, केस झडलेत का, बोटांच्या टोकाला किंवा टाचेला न भरणारी जखम आहे का? आतल्या घोट्याच्या मागे आणि पावलाच्या पाठीवर, अंगठ्याच्या रेषेत, दोन बोटांनी हलकेच नाडी शोधा. आपला अंगठा वापरू नका, त्यात स्वतःचीच नाडी लागते. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही सापडत नाही, पण घोट्यामागचीही नसेल तर तपासणी हवीच. शेवटी रुग्णाला आडवं करून पाय मिनिटभर वर धरा. तळवा पांढराफटक पडला आणि खाली सोडल्यावर हळूहळू गडद लाल झाला, तर रक्त नीट पोचत नाही.

पुढचं मोजमाप सोपं आहे. डॉपलर यंत्राने घोट्याचा वरचा रक्तदाब घेऊन त्याला दंडाच्या वरच्या रक्तदाबाने भागायचं. दंडाला 140 आणि घोट्याला 84 आला तर उत्तर 0.6. साधारण 1 ते 1.4 ठीक, 0.9 किंवा कमी म्हणजे धमनीचा आजार, 0.4 च्या खाली तो गंभीर. मधुमेहात धमन्या कडक होऊन आकडा 1.4 च्या वर जातो, तेव्हा तो फसवा असतो.

मधुमेह, रक्तदाब, वय ही कारणं आहेतच. पण तेंदूपानाच्या या मुलखात तिशी-चाळिशीतल्या माणसाचं बोट काळं पडलं, तर आधी बिडी विचारा. लिओ बर्गर यांनी 1908 मध्ये ज्याचं सविस्तर वर्णन केलं, तो हातापायांच्या लहान धमन्या बंद करणारा आजार तंबाखूला घट्ट चिकटलेला आहे. बिडी पूर्ण सुटली तरच तो थांबतो. दिवसाला एक ओढूनही चालत नाही.

रात्री पाय खाटेखाली लोंबकळत ठेवल्याशिवाय झोप येत नसेल, तर आठवड्याची वाट पाहू नका. असा पाय शेकूही नका. बधिर कातडीला चटका कळत नाही. आणि पाय एकाएकी गार, पांढरा, बधिर झाला, बोटं हलेनात, तर चोळत बसू नका. काही तासांतच स्नायू मरू लागतात. परतवाड्यापर्यंतचा घाट त्याच तासांत उतरायचा असतो, म्हणून गाडी लगेच बोलवा आणि निघतानाच पुढच्या दवाखान्याला फोन करून ‘पायाची नाडी लागत नाही’ असं स्पष्ट सांगा.